बोटीवरची आखाजी

माझ्या वडिलांनी, नानांनी, माझ्याकडे शेवटचं काही मागितलं असेल तर ते एक चमचा पाणी. मी ते दिलं नाही.

जळगावच्या एका दवाखान्यात, दुपारी तीनच्या सुमाराला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन होतं आणि तोंडानं काहीही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे. वीस वर्षं मी काउंटरमागे उभी राहून लोकांना जेवणाआधीची गोळी कुठली आणि नंतरची कुठली ते रागावून सांगत आले. नियम म्हटला की माझी मान आपोआप ताठ होते. "एक चमचा दे वं बेटा, एकच," नाना म्हणाले. मी म्हणाले, "उद्या, नाना. उद्या पाहिजे तेवढं प्या." त्यांनी वाद घातला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. पहाटे ते गेले. ऑपरेशन झालंच नाही. म्हणजे तो चमचा दिला असता तरी काही बिघडणार नव्हतं, आणि हे मला त्या दिवसापासून रोज कळतं.

नानांचं भडगावला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पाणबुडी मोटारी यायच्या, नाना तांब्याची तार भरून द्यायचे, आणि कुणाच्या तरी विहिरीचं पाणी पुन्हा वर यायचं. घाईवाल्याला पुढे घ्यायचं आणि आपलं जेवण मागे टाकायचं, असं आयुष्यभर चाललं. तो माणूस तहानलेला गेला. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मायला तर नाहीच.

दुकानात एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं तरी नानांनी ते काढलं नव्हतं, कारण त्यावर हिरव्या पाण्यातून वर आलेल्या डोंगरांचं चित्र होतं. शेकडो डोंगर, आणि मधून एक लाकडी बोट. खाली बारीक अक्षरांत व्हिएतनाम लिहिलेलं. "पाणीमा डोंगर शेतस, देख," असं ते गिऱ्हाइकालाही सांगायचे. ते गेल्यावर माय बोलेनाशी झाली. भांडी घासायची, टीव्हीसमोर बसायची, टीव्ही बंद असला तरी बसायची. मी ठरवलं, हिला तिथं न्यायचं. जळगावहून एक ग्रुप एप्रिलअखेर निघत होता, त्यात नावं दिली. मायनं कुठली तारीख म्हणून विचारलं, मी सांगितली, ती "बरं" म्हणाली.

आता माझी चूक सांगते. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात वर्षभर सण नसतो. म्हणून मी त्या वर्षाचे सगळेच सण डोक्यातून काढून टाकले होते. कॅलेंडरकडे बघतच नव्हते. आणि आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा नुसता सण नाही, पितरांना पाणी देण्याचा दिवस आहे, हे मी साफ विसरले. दरवर्षी मातीची घागर भरायची. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला जी घागर त्याच्या नावानं भरतात तिला डेरगं म्हणतात. ते पाणी मिळालं की गेलेला माणूस पितरांत जाऊन बसतो, असं मानतात. जे वर्ष मी पुसून टाकलं होतं, त्याच वर्षात नानांचं हे पाणी होतं.

हे मला कळलं ते बोटीवर चढल्यावर.

बोट दोन मजली, लाकडी. दोन रात्री, तीन दिवस तिच्यावरच राहायचं. जळगावला आम्ही निघालो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं, आणि इथं पाण्यावर पांढरं धुकं उतरलेलं. ग्रुपमधली माणसं आधी खूश झाली. कुणी शाल काढली, कुणी शेवेचा पुडा. धक्का दिसेनासा झाला आणि डोंगर सुरू झाले, तसे एकेक जण बोलायचे थांबले.

कॅलेंडरवरच्या चित्रात ऊन होतं. इथं डोंगर एकदम समोर यायचे, काळे, सरळ उभे, पायाशी पाण्यानं खाल्लेले, आणि आपण काही म्हणायच्या आत धुक्यात जायचे. पक्षी नाही. वारा नाही. चाळीसगावचे एक आबा आमच्यात होते, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. गडी थट्टेखोर. त्यांनी कठड्याला रेलून जोरात "ओऽऽ" केलं. आवाज परत आला, पण उशिरा, आणि आबांपेक्षा जरा खालच्या पट्टीत. आबा हसले. दुसऱ्यांदा काही त्यांनी हाक मारली नाही.

माय डेकवर खुर्ची उलटी करून बसली होती, डोंगरांकडे पाठ.

"अगं, एवढं बघायला आलो ना?" मी चिडून म्हणाले.

"मी देखं," ती म्हणाली. "आते त्या देखी ऱ्हायनात."

डोंगर कधी बघतात का? मी म्हटलं, हिची साखर कमी झाली. खिशातून ग्लुकोजची गोळी काढून दिली. तिनं ती निमूटपणे चघळली.

दुपारी बोट एका तरंगत्या वस्तीजवळून गेली. पत्र्याची घरं निळ्या पिंपांवर बांधलेली, एकमेकांना दोरानं जोडलेली. दारं उघडी, आत कुणी नाही. एका ओट्यावर प्लॅस्टिकची लाल खुर्ची होती, तोंड पाण्याकडे. बोटीवरचा गाइड इंग्रजीत सांगत होता की इथं कोळी राहायचे, सरकारनं त्यांना किनाऱ्यावर घरं दिली, बहुतेक सगळे गेले. मी मायला समजावून सांगितलं. ती त्या उघड्या दारांकडे बराच वेळ बघत राहिली.

"ह्या तं घर सोडीसन गयात," ती म्हणाली. "मंग यासना पितर कोठे येतीन?"

बोट पुढे गेली. ती लाल खुर्ची मात्र बराच वेळ दिसत राहिली.

संध्याकाळी चहाच्या वेळेला मायनं खोलीत बॅग उघडली. साड्यांच्या घड्यांत गुंडाळलेलं काहीतरी तिनं बाहेर काढलं आणि तिचा चेहरा उतरला. मातीची लहान लाल घागर. विमानाच्या सामानात तिचे दोन तुकडे झाले होते. बाजूला एक दोन लिटरची बाटली, झाकणावर चिकटपट्टी गुंडाळलेली. डब्यात सांजोऱ्या, एक आंबा, कुंकवाचा करंडा.

"हे काय?"

"गिरनानं पाणी शे," ती म्हणाली. "सकाय आखाजी."

आखाजी उद्याच होती. मी खाटेवर बसले. आधी फोनवर तारीख पाहिली, जणू फोन मायला खोटं पाडणार होता. मग भडगावला चुलतभावाला फोन लावायला निघाले, की बाबा रे, तू तरी घरी डेरगं भर. मायनं माझा हात धरला. त्याला आधीच सांगितलंय, म्हणाली. घरचं डेरगं घरात तोच भरणार, घरातला पुरुष म्हणून.

"मग हे कशाला?"

"हाई आपली," ती म्हणाली. एवढंच.

माझा संताप झाला. तिला माहीत होतं तर तारीख ठरवतानाच का बोलली नाही? आणि तिच्यापेक्षा मला स्वतःचा संताप जास्त आला. एक चमचा दिला नाही तो नाहीच, वर नानांच्या पहिल्या पाण्याच्या दिवशी मी मायला घेऊन समुद्रात फिरायला आले. त्या रात्री झोप लागली नाही. खाली पाण्याच्या रेषेवर काहीतरी बोटीला टकटक लागत होतं. वाहून आलेलं लाकूड असणार. सकाळी माझ्या उशाचा पाण्याचा ग्लास रिकामा होता. मला वाटलं, मायनं प्यायला. मायला वाटलं, मी.

आखाजीची सकाळ उजाडली असं म्हणायचं, कारण घड्याळात सहा वाजले होते. बाहेर नुसतं पांढरं. इंजिन बंद. गाइडनं सांगितलं, किनाऱ्यावरून हुकूम आलाय, धुकं उठेपर्यंत जागेवरून हलायचं नाही. नांगर टाकून बोट उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन डोंगर अंधुक दिसत होते.

घागर तर फुटली होती. मी स्वयंपाकघरात गेले. तिथली स्वयंपाकीण मायच्याच वयाची, पिकले केस घट्ट बांधलेली. तिच्या खिडकीशी एक छोटा देव्हारा होता, त्यात एका म्हाताऱ्याचा फोटो, पुढे एक संत्रं आणि पाण्याची वाटी. मी हातानंच भांड्याचा आकार दाखवला, मग फोनमध्ये नानांचा फोटो काढून दाखवला. तिनं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फळीवरून तपकिरी, चकचकीत काचेची एक कोरी बरणी काढून दिली.

मायनं बरणी बोटांनी वाजवून पाहिली. "मातीनं भांडं पाणी पेस. हाई पेस नही," ती म्हणाली. तक्रार होती ती, पण दुसरं काही नव्हतं.

आमच्याकडे आखाजीला उंबरठा पुजतात. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं आणि प्रत्येक बोटाला एका पितराचं नाव घ्यायचं. बोटीच्या दारांना लोखंडी, वीतभर उंच उंबरठे होते. आदल्या दिवसापासून गाइड "पाय उचला, पाय उचला" म्हणून ओरडत होता. माय आमच्या खोलीच्या दारात खाली बसली. पहिलं बोट नानांचं. मग आजोबांचं, आजीचं, माझ्या एका लहानपणीच गेलेल्या काकाचं. ओल्या लोखंडावर कुंकू नीट बसत नव्हतं, तरी बोटं उमटली. बरणीत तिनं माझ्या हातानं गिरणा नदीचं अर्धं पाणी ओतवलं. वर आंबा ठेवला, शेजारी दोन सांजोऱ्या.

स्वयंपाकीण दाराबाहेर उभी राहून बघत होती. तिला हे सगळं ओळखीचं वाटत असावं. प्रत्येक बोटाला ती मान हलवत होती.

मग मायनं शेवटचं बोट ओढलं. हे बोट कुणा एकाचं नसतं. "ज्या माहीत शेतस त्यासले, ज्या माहीत नहीत त्यासले," ती म्हणाली, "बठ्ठासले."

घरी हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. घरी माहीत नसलेले म्हणजे आपलेच कुणीतरी, पणज्याचे पणजे. तेव्हा कधी विचार केला नव्हता. इथं मात्र स्वयंपाकिणीचा चेहरा पालटला. शब्द तिला कळले नव्हते, पण मायनं हात समोरच्या धुक्यावरून, पाण्यावरून सगळीकडे फिरवला होता आणि तो तिला नीट कळला. तिनं गाइडला हाक मारली. भरभर काही बोलली. गाइड ओशाळून मला म्हणाला, "ती विचारते, तुमच्या आईनं आत्ता सगळ्यांना बोलावलं का?"

"हो. का?"

"ती म्हणते, नाव घेऊन बोलवायचं असतं. या पाण्यात फार आहेत. बुडालेले, ज्यांची घरं आता राहिली नाहीत ते." तो हसण्याचा प्रयत्न करत होता. "ती जुन्या वळणाची आहे, मॅडम."

ती बाई आत गेली आणि भाताचा वाडगा, चिमूटभर मीठ घेऊन बोटीच्या मागच्या टोकाला ठेवून आली. आमच्याकडे परत आली नाही.

नाश्त्याहून आम्ही परतलो तेव्हा बरणीतलं पाणी चार बोटं खाली गेलं होतं.

मी आधी जमीन चाचपून पाहिली. कोरडी. बरणी उचलून बुडाला हात लावला. कोरडी. बोट हलत नव्हती, म्हणजे सांडायचा प्रश्न नव्हता, आणि आंबा जागच्या जागी होता. "माय, तू प्यायलीस?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. माझ्या पर्समध्ये दुकानातली कागदी चिकटपट्टी असतेच. बाटलीतलं उरलेलं पाणी मी बरणीत ओतलं आणि पातळी जिथं आली तिथं बाहेरून पट्टी लावली. बाटली रिकामी झाली. आता गिरणेचं पाणी होतं ते तेवढंच. मी खुर्ची ओढून उंबरठ्याशी बसले.

ग्रुपमधल्या बायकांनी पत्ते काढले होते, पण डाव न मांडताच पत्ते हातात धरून बसल्या होत्या. बाहेरचं धुकं कठड्यापर्यंत आलं होतं. सकाळी दोन डोंगर होते. आता मी पाहिले तर तीन होते, आणि तिसरा जवळ होता. नांगरावर बोट फिरते, हे मला कळत होतं. तरी मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग आवाज आला. अगदी हलका. गट, गट, गट. कुणी घाईत, श्वास न घेता पाणी पितं तसा. मला वाटलं, बोटीखाली लाट असेल. पण लाट नव्हती. बाहेरचं पाणी तेलासारखं सपाट पडलं होतं. आणि आवाज खालून नव्हे, माझ्या पायाजवळून येत होता.

आबा चपला वाजवत कठड्यालगतच्या बोळातून येत होते. आमच्या दारापाशी थांबले. "कोन पाणी पी ऱ्हायनं भो?" असं त्यांनी विचारलं, आणि आत मी एकटी बसलेली, माय डोळे मिटून खाटेवर, हे पाहून त्यांचा चेहरा पडला. त्यांना ना बरणीचं माहीत होतं, ना आखाजीचं. ते उंबरठ्यावरच्या कुंकवाकडे बघत उलट पावली गेले.

मी खाली पाहिलं. पातळी पट्टीच्या दोन बोटं खाली होती. मी बघत असताना ती हलत नव्हती. धुक्याकडे नजर गेली की परत पाहीपर्यंत आणखी खाली. उंबरठ्यावरची बाकीची बोटं जशीच्या तशी होती. फक्त शेवटचं बोट ओल धरून सुटलं होतं. एक लाल ओघळ उंबरठ्यावरून बाहेर उतरून डेकच्या फळ्यांवरून पाण्याच्या दिशेनं गेला होता.

मी घाबरले होते हे खरं. पण त्याहून जास्त मला राग आला. माझा राग असा भलत्या वेळी येतो. माझ्या डोळ्यांसमोर भडगावचं दुकान आलं. ऐन उन्हाळा, दारात मोटारी घेऊन माणसं उभी, प्रत्येकाला घाई, आणि नाना "तू घे, तू घे आधी" म्हणत आपला डबा मागे सारणारे. मला दिसायला लागलं की इथंही तसंच चाललंय. कोण कुठले, किती दिवसांचे तहानलेले, ते येतायत, पितायत, आणि नाना सगळ्यांच्या मागे, धुक्यात, "घ्या, आधी तुम्ही घ्या" म्हणत उभे आहेत. बरणीत आता पाणी किती, तर जेमतेम तीन बोटं.

"बस्स," मी मोठ्यानं म्हणाले. "बस्स करा! हे माझ्या बापाचं आहे!"

आवाज थांबला. लगेच थांबला, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. म्हणजे कुणीतरी ऐकत होतं.

माय उठून बसली होती. मी चहाच्या ट्रेमधला चमचा घेतला. आंबा बाजूला केला, बरणीत चमचा बुडवला आणि तो भरून वर आणला. अर्धं पाणी परत बरणीत सांडलं, पुन्हा भरला. उंबरठ्यावर, नानांच्या पहिल्या बोटासमोर धरला. म्हणाले, "नाना. घ्या. तेव्हा नाही दिलं. चुकले मी. घ्या आता."

चमचा कलता केला. पाणी लोखंडावर पडलं, नानांच्या कुंकवावरून गेलं आणि डेकच्या फटीत नाहीसं झालं. एवढंच. ना वारा सुटला, ना धुकं फाटलं. मी तिथंच फतकल मारून रडले. घरात रडले नव्हते. स्मशानातून माणसं परतली तेव्हाही रडले नव्हते, सगळ्यांच्या बीपीच्या गोळ्या बघत बसले होते.

बऱ्याच वेळानं मला भान आलं की मी जे बोलले ते मायनं ऐकलंय. आता ती विचारणार. काय नाही दिलं, कधी नाही दिलं. मी नाक पुसलं आणि सांगायची तयारी केली.

"माले माहीत शे," माय म्हणाली.

मी वळले.

"मी पडदामांगे उभी व्हतू," ती म्हणाली. दवाखान्यात दोन खाटांच्या मधे हिरवा पडदा होता. ती डबा धुऊन आली होती आणि पडद्यामागे थांबली होती. नानांनी पाणी मागितलं ते तिनं ऐकलं. मी नाही म्हणाले ते ऐकलं. "तू शिकेल शे. तुले समजस, आसं माले वाटनं," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "तू बाहेर गयी. मी आतमा गयू. त्यासनी माले बी मांगं."

"मग?"

"मीबी नही दिधं."

तिच्या मांडीवरचे हात एकमेकांत अडकलेले होते. वर्षभर टीव्हीच्या बंद पडद्यासमोर बसून ती काय बघत होती ते मला तेव्हा कळलं. मला वाटलं होतं, हे ओझं माझं एकटीचं आहे. त्याच घरात, भिंतीपलीकडे तेच ओझं घेऊन ती भांडी घासत होती.

"तारीख मी देखेल व्हती," ती म्हणाली. "तुनी सांगी तवयच. भडगावले तुना भाऊनी डेरगं भरं असतं. तुले नही, माले नही, कोनी हात लावू दिधा नसता." तिनं बाहेरच्या पांढऱ्याकडे पाहिलं. "आठे कोन अडावस?"

म्हणून ती "बरं" म्हणाली होती. म्हणून साड्यांच्या घडीत घागर आली, चिकटपट्टी गुंडाळून गिरणा आली.

मी बरणीकडे पाहिलं. तीन बोटं पाणी होतं तेवढंच होतं. नंतर मी संध्याकाळपर्यंत पाहत राहिले, ते हललं नाही. बाहेर कठड्याशी मात्र कुणीतरी ताटकळल्यासारखी ती शांतता अजून होती. स्वयंपाकिणीचा भाताचा वाडगा, जाता येता पाहिला तेव्हा, मागच्या टोकाला पालथा पडलेला होता.

माय खाटेवरून उतरली. गुडघे धरत, कण्हत माझ्याशेजारी उंबरठ्यापाशी येऊन बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला, नाना दारात आले की करायची तसा. मग तिनं माझ्यापुढे हात केला.

"दे," ती म्हणाली. "तो चमचा दे माले."